एकच रसायन, अनेक शरीरें

वऱ्हाडांत घरचा गोऱ्हा वाढविणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. गोऱ्हा वेळेवर बडवला तर त्याचा शांत, कामसू बैल होतो. तसाच ठेवला तर त्याची मान जाड होते, वशिंड ताठ होतें, आणि तो रस्त्यानें निघाला म्हणजे माणसें आपण होऊन कडेला सरतात. दोन्ही जनावरें एकाच गाईचीं, चारा एकच, गोठाहि एकच; फरक काय तो दोन लहानशा ग्रंथींचा. या ग्रंथींतून रक्तांत कांहीं तरी उतरतें आणि तें स्नायू घडवितें, ही गोष्ट शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या कितीतरी शतकें आधीं ठाऊक होती. त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती मात्र आपण विसरलों आहों. सगळेच पोळ सारखे होत नाहींत.

बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापर्यंत पसरला आहे. तेथून पूर्वेस अमरावती फार दूर नाहीं. आणि अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें नांव माहीत नाहीं असा जुना वऱ्हाडी माणूस सांपडणें कठीण. या मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें जगासमोर देशी खेळ करून दाखविले. तिकडे बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार व्यायामज्ञानकोश सिद्ध करीत होते, आणि औंधचे पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत होते. त्या पिढीचें बलवर्धक रसायन म्हणजे दूध, तूप आणि बदाम. आज मोठ्या शहरांप्रमाणेंच तालुक्याच्या गांवींहि आरसे लावलेल्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. पोलीस-भरतीसाठीं पहांटे धांवणारीं मुलें तेथें जातात, आणि कोणी तरी जाणता सोबती एखाद्या मुलाच्या कानांत सांगतो, ‘मला मानवलें, तुलाहि मानवेल.’ बाटली किंवा गोळी हातांत येते ती या वाक्यासह. आजच्या भाषणाचा विषय हें वाक्यच आहे. शंभर-दीडशें वर्षांच्या संशोधनानें त्याची काय गत केली, तें मला सांगावयाचें आहे.

आरंभ कोंबड्यांपासून करावा लागतो. गटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टोल्ड यानें १८४९ सालीं सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचीं वृषणें त्यानें काढून टाकलीं ते लठ्ठ आणि भित्रे झाले. ज्यांच्या पोटांत वृषण पुन्हा बसविलें त्यांना तुरे आले, ते आरवूं लागले आणि झुंजूं लागले. पुन्हा बसविलेल्या वृषणाला जुन्या मज्जातंतूंचा संबंध उरलेला नव्हता. तेव्हां जें कांहीं जात होतें तें रक्तावाटें जात होतें. प्रयोग इतका स्वच्छ होता कीं कोणीहि त्याच्याकडे पुष्कळ वर्षें लक्ष दिलें नाहीं!

लक्ष दिलें गेलें तें एका चुकीच्या प्रयोगाकडे. १८८९ सालीं पॅरिस येथें ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा पाण्यांत काढलेला अर्क स्वतःला टोंचून घेतला आणि आपल्या अंगीं तारुण्याचें बळ परत आल्याचें विद्वत्सभेंत जाहीर केलें. हा अंतःस्राव पाण्यांत जवळ जवळ विरघळतच नाहीं, हें आज आपणांस माहीत आहे. म्हणजे त्या अर्कांत औषध नांवापुरतेंहि नव्हतें. बळ आलें तें विश्वासाचें. याच गोष्टीची परीक्षा १९७२ सालीं अमेरिकेंत एरियल आणि सॅव्हिल या दोघांनीं घेतली. वजनें उचलणाऱ्या कांहीं तरुणांना त्यांनीं ‘हें प्रसिद्ध स्टेरॉइड आहे’ असें सांगून निव्वळ निःसत्त्व गोळ्या दिल्या, आणि त्या तरुणांची उचल पूर्वींपेक्षां झपाट्यानें वाढली. ‘मला मानवलें’ असें कोणी म्हणतो तेव्हां त्याला नक्की काय मानवलें, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

खरें द्रव्य हातीं येण्यास १९३१ साल उजाडावें लागलें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ बुटेनांट यानें पोलीस शिपायांचें सुमारें पंधरा हजार लिटर मूत्र आटवून त्यांतून केवळ पंधरा मिलिग्रॅम द्रव्य वेगळें केलें. चिमटीभरहि नव्हे. पुढें १९३५ सालीं अॅमस्टरडॅम येथें लाकर याच्या प्रयोगशाळेंत बैलांच्या, म्हणजे अर्थात् न बडवलेल्या बैलांच्या, वृषणांतून मूळ अंतःस्राव मिळाला. त्याला टेस्टोस्टेरॉन हें नांव पडलें. त्याच वर्षीं बुटेनांटनें, आणि झूरिक येथें रुझिका यानें, तो कृत्रिम रीतीनें तयार केला. दोघांना १९३९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि नाझी सरकारच्या हुकुमामुळें बुटेनांटला तें त्या वेळीं घेतां आलें नाहीं.

आतां या रेणूची रचना थोडी पाहूं. कारण पुढची सगळी कथा तिच्यांतच आहे. चार कडीं एकमेकांस जोडलेलीं. तीन षट्कोनी, एक पंचकोनी. कार्बनचे अणु एकूण एकोणीस. यांतील एखादा अणु कमी केला, एखादा जोडला, एखादा बंध दुहेरी केला, कीं नवें औषध तयार. आपल्या लिपींत ‘मल’, ‘माल’ आणि ‘मूल’ यांत फरक कान्याचा आणि उकाराचा. पण अर्थाचें अंतर केवढें! सतराव्या कार्बनला मिथिल गट जोडला तर तोंडावाटें घेतलेलें औषध यकृतांतून तावून सुलाखून पार पडतें, एरवीं तेथेंच त्याचा निकाल लागतो. मात्र यकृताला चुकविणारें हें औषध यकृतालाच सर्वांत अधिक जाचतें. त्याच रेणूंत पहिल्या व दुसऱ्या कार्बनमध्यें दुहेरी बंध आणला म्हणजे मेथँडायनोन. एकोणिसावा कार्बन काढून टाकला म्हणजे नँड्रोलोन. पहिल्या कड्याला नत्रयुक्त पांचवें कडें जोडलें म्हणजे स्टॅनोझोलोल. सारीं भावंडें, पण भावंडांचे स्वभाव सारखे असतात असें कोणत्या घरांत पाहिलें आहे?

हें सर्व करण्यामागें रसायनशास्त्रज्ञांचा हेतु चांगला होता, हें सांगितलें पाहिजे. १९३५ सालीं अमेरिकेंत चार्ल्स कोचाकियन यानें खच्ची केलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हा अंतःस्राव दिला म्हणजे शरीर नत्र बाहेर टाकीत नाहीं, सांठवून ठेवतें. आणि नत्र सांठतें म्हणजे मांस वाढतें. भाजलेल्या, खंगलेल्या, शस्त्रक्रियेनें क्षीण झालेल्या रोग्यांना हें वरदानच. मात्र स्नायू वाढावे आणि दाढी-मिशा, घोगरा आवाज हीं पुरुषत्वाचीं चिन्हें वाढूं नयेत, असें औषध पाहिजे होतें. तें शोधण्यासाठीं खच्ची केलेल्या उंदरांवर चाचणी बसविण्यांत आली. उंदराच्या ओटीपोटांतील एक स्नायू किती वाढला आणि त्याची प्रोस्टेट ग्रंथि किती वाढली, यांचें प्रमाण काढावयाचें. प्रत्येक औषधाला असा एक अंक मिळाला. हे अंक पुढें व्यायामशाळांत वेदवाक्य होऊन बसले. अमुक औषध तमुक औषधाच्या तिप्पट ‘मांसल’, असें आजहि तरुण पोरें छातीठोकपणें सांगतात. तो अंक उंदरांचा आहे, खच्ची उंदरांचा आहे, आणि तोहि पुष्कळ उंदरांची सरासरी आहे, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. स्नायुवृद्धि आणि पुरुषत्व हीं दोन कामें पूर्णपणें निराळीं करणारें औषध या कुळांत अद्यापि निघालेलें नाहीं.

सरासरीच्या पोटांत काय दडलेलें असतें हें प्रथम उघड केलें तें टकलांनीं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें १९४२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तारुण्यापूर्वीं ज्यांचीं वृषणें निकामी झालीं अशा पुरुषांना टक्कल पडत नाहीं, असें त्याला आढळलें. मग अशांपैकीं कांहींना टेस्टोस्टेरॉन दिलें. औषध सर्वांना तेंच. पण ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचेच केस गेले. ज्यांच्या घराण्यांत नव्हतें त्यांचे राहिले. औषध चालू असेपर्यंत टक्कल वाढत गेलें, औषध थांबतांच थांबलें. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. रसायन म्हणजे नुसती ठिणगी; गंजी कोरडी आहे कीं ओली, हें आजोबा-पणजोबांनीं ठरवून ठेविलेलें असतें.

केसांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभीं संग्रामपूरच्या शेजारच्या शेगांव तालुक्यांत, बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं माणसांचे केस थोड्याच दिवसांत झडूं लागले, आणि देशभर त्याची चर्चा झाली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपास करून गव्हांतील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखविलें. हें प्रकरण अंतःस्रावाचें नव्हे, तेव्हां त्याची येथें भेसळ करावयाची नाहीं. पण गांव एक, आणि केस गेले ते कांहींचे, सगळ्यांचे नव्हे. हा अनुभव त्या भागांतील माणसाला पुस्तकांतून घ्यावा लागत नाहीं.

हॅमिल्टननें दाखविलेल्या भेदाचें एक कारण १९७४ सालीं कॅरिबियन समुद्रांतील डॉमिनिकन प्रजासत्ताकांत सांपडलें. तेथील सालिनास नांवाच्या खेड्यांत कांहीं मुलें जन्मतः मुलींसारखीं दिसत आणि वयांत येतांना पुरुष होत. ज्यूलियॅन इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, टेस्टोस्टेरॉनचें रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर द्रव्यांत करणारें एक विकर या मुलांत पुरेसें नसतें. मोठेपणीं त्यांचे स्नायू चांगले भरत, आवाज फुटे. पण दाढी विरळ, प्रोस्टेट लहान, आणि टक्कल मुळींच नाहीं. म्हणजे स्नायूंना मूळ द्रव्य पुरतें. केसांना, कातडीला आणि प्रोस्टेटला रूपांतरित द्रव्य लागतें. आतां गंमत अशी कीं, हेंच विकर नँड्रोलोनवर चाललें म्हणजे उलटें घडतें. टेस्टोस्टेरॉन प्रखर होतें, नँड्रोलोन सौम्य होतें. एका कार्बनच्या अणूनें सख्ख्या भावंडांचें नशीब बदलतें. आणि तें विकर कोणाच्या अंगांत किती, हें प्रत्येकाचें वेगळें. आणखी एक विकर यांपैकीं कांहीं औषधांचें रूपांतर स्त्रियांच्या अंतःस्रावांत करतें. त्यामुळें मेथँडायनोन घेणाऱ्या एखाद्याची छाती स्त्रीसारखी वाढते, तर त्याच्या शेजारीं व्यायाम करणाऱ्याला कांहींच होत नाहीं, आणि तोच पुढें दुसऱ्यांना सल्ला देत सुटतो.

हीं औषधें आखाड्यांत कशीं शिरलीं, ती कथा थोडक्यांत उरकतों. १९५४ सालीं व्हिएन्ना येथील वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धेच्या वेळीं जॉन झीग्लर या अमेरिकन वैद्याला कळलें कीं, रशियन मल्ल टेस्टोस्टेरॉन वापरतात. सीबा कंपनीनें १९५८ सालीं मेथँडायनोन हें डायनाबोल या नांवानें बाजारांत आणलें, तेव्हां त्यानें पेनसिल्व्हेनियांतील यॉर्क येथील मल्लांना त्याच्या थोड्या गोळ्या दिल्या. मल्लांनीं स्वतःच मात्रा कितीतरी पटींनीं वाढविली. झीग्लरला पुढें जन्मभर आपल्या या कामाचा पश्चात्ताप झाला. पूर्व जर्मनीनें तर याच कुळांतील ओरल-ट्यूरिनाबोल सरकारी योजना करून कोवळ्या मुलींनाहि खाऊं घातलें. त्यांतील कित्येकींचे आवाज कायमचे बदलले. त्या राज्याच्या अधिकाऱ्यांनीं सारें कागदोपत्रीं लिहून ठेविलें होतें. १९८९ नंतर तें जगापुढें आलें, आणि न्यायालयांत खटले झाले.

आणि वैद्यकशास्त्र काय म्हणत होतें? विशेष हें कीं, हीं औषधें निरोगी माणसाचे स्नायू वाढवितात हें मानावयालाच पुष्कळ वैद्य दीर्घकाळ तयार नव्हते. व्यायामशाळेंतील तरुण डोळ्यांनीं पाहात होता, आणि वैद्य त्याला ‘हें खोटें’ म्हणून सांगत होता. अशानें वैद्याच्या दुसऱ्या, खऱ्या इशाऱ्यांवरचाहि विश्वास उडाला. हा दोष आपण नाकारूं नये. वाद मिटला तो १९९६ सालीं. दिल्लींत वैद्यकाचें शिक्षण घेऊन अमेरिकेंत गेलेले डॉ. शलेंदर भसीन यांनीं दहा आठवडे कांहीं तरुणांना दर आठवड्यास सहाशें मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें दिलीं आणि कांहींना निःसत्त्व इंजेक्शनें दिलीं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचें चरबी वगळून वजन सरासरी सुमारें दोन किलो वाढलें. व्यायाम न करितां औषध घेणाऱ्यांचें तीन किलोंहून थोडें अधिक. दोन्ही करणाऱ्यांचें सहा किलो. पुढें २००१ सालीं त्यांनीं एकसष्ट तरुणांचा स्वतःचा अंतःस्राव औषधानें बंद करून, पंचवीस ते सहाशें मिलिग्रॅमपर्यंतच्या पांच मात्रा वीस आठवडे देऊन पाहिल्या. मात्रा वाढे तसे स्नायू वाढले. पण मोठ्या मात्रेबरोबर हृदयाचें रक्षण करणारें रक्तांतील मेदद्रव्य घटलें आणि रक्त दाट झालें.

येथें स्नायूंचा प्रश्न संपतो आणि मनाचा सुरू होतो. हार्वर्डच्या हॅरिसन पोप यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पन्नास पुरुषांना याच औषधाची मात्रा वाढवीत सहाशें मिलिग्रॅमपर्यंत नेली. त्यांपैकीं बेचाळीस जणांच्या स्वभावांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. सहा जण मध्यम प्रमाणांत चेकाळले. दोघे जण अतिशय उन्मत्त झाले. पन्नासांत दोन! पहिल्या बेचाळिसांपैकीं कोणालाहि विचारा; ‘राग-बीग सगळें थोतांड आहे’ असें तो प्रामाणिकपणें सांगेल, आणि त्याचें सांगणें स्वतःपुरतें खरेंच असेल. त्याचा सल्ला घेऊन तीच बाटली विकत घेणारा एकावन्नावा माणूस कोणत्या गटांतला, तें त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें नसतें. पोटांतील गटाचा पत्ता लागतो तो उन्माद घरीं येऊन बायको-मुलांवर निघाल्यानंतर.

भेद केवळ परिणामांतच आहे असें नव्हे. पकडलें जाण्यांतहि आहे. ऑलिंपिकच्या समितीनें १९७५ सालीं या औषधांवर बंदी घातली, आणि १९७६ सालीं माँट्रियल येथें प्रथम तपासणी झाली. टेस्टोस्टेरॉन हें शरीरांत असतेंच. तेव्हां बाहेरून घेतलें कीं काय हें ओळखण्यासाठीं मूत्रांतील त्याचें एका जुळ्या द्रव्याशीं प्रमाण पाहतात. २००८ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं पंचावन्न पुरुषांना पांचशें मिलिग्रॅमचें एकेक इंजेक्शन देऊन तपासलें. टेस्टोस्टेरॉन मूत्रावाटें बाहेर टाकण्यास मदत करणारी एक जनुकजोडी ज्यांच्यांत मुळींच नव्हती, अशांपैकीं शेंकडा चाळीस जण पंधरा दिवसांत एकदांहि दोषी ठरण्याच्या मर्यादेपर्यंत पोंचले नाहींत. इंजेक्शन तेंच, दिवस तेच. ही उणीव पूर्व आशियांतील लोकांत पुष्कळ आढळते. म्हणूनच पुढें प्रत्येक खेळाडूची त्याच्या स्वतःच्याच जुन्या नोंदींशीं तुलना करण्याची पद्धत निघाली. कायद्यानेंहि शेवटीं सरासरी माणसाचा नाद सोडला!

महाराष्ट्राच्या आखाड्यावरहि या औषधाची सावली पडली. नरसिंग यादव हे सलग तीन वेळां ‘महाराष्ट्र केसरी’ झालेले मल्ल. २०१५ सालीं लास वेगास येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळवून त्यांनीं रिओ ऑलिंपिकसाठीं भारताची जागा निश्चित केली. २५ जून २०१६ रोजीं सोनिपतच्या शिबिरांत घेतलेल्या त्यांच्या मूत्रांत मेथँडायनोन निघालें. त्याच खोलींत राहणाऱ्या दुसऱ्या मल्लाच्या मूत्रांतहि तें निघालें. आपल्या अन्नपाण्यांत कोणी तरी हें मिसळलें, असें नरसिंग यांचें म्हणणें होतें. १ ऑगस्टला भारतीय समितीनें त्यांना निर्दोष ठरविलें. १८ ऑगस्टला क्रीडा-लवादानें तो निर्णय फिरवून चार वर्षांची बंदी घातली. तज्ज्ञाची साक्ष अशी पडली कीं, द्रव्याचें प्रमाण पाहतां पाण्यांत पूड मिसळण्यापेक्षां एक-दोन गोळ्या पोटांत गेल्याचाच संभव अधिक दिसतो. जुना वाद मला उकरून काढावयाचा नाहीं. सीबाच्या १९५८ च्या गोळींतलें तेंच द्रव्य अठ्ठावन्न वर्षांनीं आपल्या मातींतल्या मल्लाच्या नशिबाशीं असें येऊन भिडलें, आणि निवाडा द्रव्य किती आणि केव्हां गेलें या हिशेबावर येऊन ठेपला, एवढेंच ध्यानीं आणावयाचें आहे.

मग संग्रामपूरच्या मुलाला काय सांगावें? त्याच्या भागाला लागू पडणारी एक गोष्ट तरी सांगतां येते. खारपाणपट्ट्यांत मूत्रपिंडाचे विकार मोठ्या संख्येनें आढळतात. तेथेंहि एका विहिरीचें पाणी पिणाऱ्या दोन भावांपैकीं एक आजारी पडतो आणि एक पडत नाहीं. हीं औषधें रक्तदाब वाढवितात, आणि रक्तदाब मूत्रपिंडाचा शत्रु. त्यांतून मूत्रपिंडाची परीक्षा ज्या क्रिएटिनिन या द्रव्यावरून होते, तें स्नायूंतूनच निर्माण होतें. त्यामुळें भरदार स्नायूंच्या माणसाचा आंकडा मूत्रपिंड शाबूत असतांहि थोडा चढा येऊं शकतो, आणि उलट, खरा बिघाड ‘स्नायूंमुळें असेल’ म्हणून दुर्लक्षिलाहि जाऊं शकतो. म्हणून ज्यानें कधीं असें कांहीं घेतलें असेल त्यानें वैद्याजवळ औषधाचें नांव आणि मात्रा लपवूं नये. आणि क्रिएटिनिनबरोबर मूत्रांतील प्रथिनाचीहि तपासणी करून घ्यावी, रक्तदाब मोजून घ्यावा. औषध थांबविल्यावर स्वतःच्या ग्रंथी पुन्हा कामास लागावयास कोणाला कांहीं महिने पुरतात, तर कोणाला वर्षाहूनहि अधिक काळ लागतो. आणि त्या काळांत लग्न होऊन मूल होत नाहीं म्हणून बायकोला घेऊन दवाखान्यांत आलेल्या तरुणानें ही एक गोष्ट सांगितली नाहीं, तर तपासण्या तिच्याच होत राहतात.